मामाच्या हक्काचा नारळ

अळणावरहून हल्याळकडं जाणारा रस्ता सागवानाच्या रानात शिरतो. त्याच्या अलीकडं, भाताची खाचरं जिथं संपतात, तिथं आमची वस्ती. कानडी आणि मराठी इथं एकाच तोंडात नांदतात. पाऊस इथला दांडगा, माती काळीभोर, आणि माणसं एकमेकांना धरून राहणारी. इतकी धरून, की सोयरीकसुद्धा फार लांब जाऊ देत नाहीत.

मुलीवर पहिला हक्क तिच्या मामाचा, असं आमच्याकडं चालत आलं आहे. मामा लग्नाचा असला आणि त्याच्या घरानं मागणी घातली, तर मुलीला दुसरं स्थळ बघत नाहीत. बाहेर द्यायचीच झाली, तर मुलीच्या बापानं मामापुढं एक नारळ आणि धोतरजोडी ठेवायची. मामानं नारळाला हात लावून ‘सोडली’ म्हणायचं. तो म्हणाला नाही, तर त्या मुलीच्या दारात कुणी पाऊल टाकत नाही.

संगीता अशीच मामाच्या घरात पडली. पडली म्हणायचं तेही तसंच, ती त्याच घरात वाढलेली. तिची आई गेली तेव्हा आईच्या आईनं, भागीरथीनं, तिला आणि तिच्या तान्ह्या भावाला, आकाशला, आपल्या घरी आणलं. एका काखेत हा, एका हाताला ती. पुढं संगीता पदर सावरायला लागली तशी भागीरथीनं आपला धाकटा मुलगा गोपाळ याच्याशी तिचं लग्न लावून दिलं. सकाळी गोपाळ तिचा मामा होता, संध्याकाळी नवरा झाला. आजीची सासू झाली. आजीला ती आजीच म्हणत राहिली. मामाला आता काय म्हणावं, हे मात्र तिला कधी सुचलं नाही. म्हणून तिनं त्याला हाक मारायचंच सोडलं. जेवायला बोलवायचं झालं की ताटाजवळ तांब्या आपटायची.

उंच, सडपातळ, कमी बोलणारी बाई. भाताची लावणी करावी ती तिनं. ओळ अशी सरळ, की पाण्यात आभाळ दिसतं तेही दोन भाग केल्यासारखं दिसावं. सोनाली ही तिची मोठी मुलगी, नुकतीच बारावी झालेली. किरण धाकटा, धारवाडला हॉस्टेलवर. दोन मुलं. गाव दोनच म्हणतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी सोनालीची सुपारी फुटायची होती. नवरा मुलगा म्हणजे तिचा मामा आकाश. हुबळीला दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात तो कामाला, निर्व्यसनी, घरचाच. भागीरथीनं शब्द टाकला आणि तो नाही म्हणाला नाही. आजीला नाही म्हणायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. सोनालीही काही बोलली नाही. फक्त बोलणी सुरू झाल्यापासून तिनं फोनवर त्याला मामा म्हणणं बंद केलं. दुसरंही काही म्हणेना. संगीतानं ते ऐकलं, आणि तिला आपला तांब्या आठवला.

सकाळीच परसात तीन दगडांची चूल मांडून संगीता गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, ढवळत होती. तेवढ्यात दारात जीप थांबली. धारवाडच्या एका संस्थेची माणसं होती. कुठल्या घरात लग्नं कधी होतात, मुलं किती होतात, किती जगतात, याचा अभ्यास करणारी. चिठ्ठ्या टाकून घरं निवडलेली, त्यांत या घराची चिठ्ठी आलेली. जीपमधून दोघी बायका उतरल्या. एक मालती, हुबळीच्या केशवापुरातली, वयानं संगीताएवढी. दुसरी तिच्या हाताखालची मनीषा.

भागीरथी उंबऱ्यावरच आडवी झाली.

“आज आमच्यात कार्य हाय. उद्या या.”

“उद्या आमची गाडी कलघटगीला जाणार, आजी. थोडाच वेळ बसतो.”

“लिवून घेऊन काय देणार?”

“काही नाही देणार.”

भागीरथीनं तिला वरखाली बघितलं. “रेशन कार्डवाला आला की घर देतो म्हणतो. मतं मागणारा रस्ता देतो म्हणतो. तू काहीच देत न्हाईस म्हणजे खरं बोलणारी दिसतीस. ये, बस.”

घरात माणसं किती, पाणी कुठलं, गुरं किती, हे सगळं भागीरथीनं छाती पुढं काढून सांगितलं. मग मालतीला घरातल्या बाईशी बोलायचं होतं, एकटीशी. ती परसात चुलीजवळ येऊन बसली. धूर डोळ्यांत जात होता तरी सरकली नाही. मागच्या दारात भागीरथी येऊन उभी राहिलीच.

“अक्का, तुम्हाला मुलं किती?” मालतीनं विचारलं.

“दोन,” दारातून भागीरथी म्हणाली.

“अक्कांना सांगू दे, आजी.”

“ती काय वेगळं सांगणार? दोन म्हणजे दोन.”

मालतीनं मनीषाकडं नुसतं बघितलं. मनीषानं पिशवीतून यंत्र काढलं आणि भागीरथीचा हात धरून तिला पुढच्या सोप्यात नेलं. थोड्या वेळानं तिकडून आवाज येऊ लागले.

“दंडाला काय बांधालीस गं?”

“रक्तदाब बघते, आजी. बोलू नका, नाहीतर आकडा चुकतो.”

“मी न बोलता आकडा आला तर तो माझा कसा?”

परसात धूर आणि हुग्गीचा गोड वास भरला होता. मालतीनं आवाज खाली आणला.

“अक्का, जन्मल्यावर रडलं, हात-पाय हलवले, पण पुढं राहिलं नाही, असं एखादं बाळ?”

संगीताचा हात थांबला. पळी हुग्गीत उभीच राहिली.

“बारशाच्या आत गेलेलं मोजतात?”

“मोजतो.”

“आमच्यात मोजत न्हाईत. नाव ठेवलं न्हाई म्हणजे ते आलंच न्हाई. आजी म्हणती, मोजलं की परत येतं, परत जायला.”

“आम्ही मोजतो, अक्का.”

संगीतानं चुलीतलं एक लाकूड आत सारलं. मग तिनं पळी बाजूला ठेवली. “तीन,” ती म्हणाली. “एक सोनालीच्या आधी. दोन तिच्यामागनं. मग किरण.”

इतक्या वर्षांत तिनं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. तो निघाल्यावर तिला वाटलं, भिंतीपलीकडं कुणी ऐकलं असणार. पण सोप्यात भागीरथी मनीषाला आपल्या तरुणपणीची जत्रा सांगत होती.

मालतीनं मुलगा की मुलगी, किती दिवसांचं, असं एकेकाचं विचारलं. संगीता सांगत गेली. सांगता सांगता तिचं तिलाच काहीतरी दिसू लागलं. पहिल्याच्या वेळी आजीनं सांगितलं होतं, दृष्ट लागली. दुसऱ्याच्या वेळी, गारठा बाधला. तिसऱ्याच्या वेळी, आईचंच दूध नासकं. तीन वेळा तीन कारणं. म्हणून कुणी ती तिघं एका ओळीत ठेवली नव्हती. आज बाहेरच्या बाईपुढं ती ओळीत बसली, आणि संगीताला आठवलं की तिघंही सारखीच गेली होती. आधी दूध ओढायचं सोडायची. मग मान टाकायची. मग झोपच.

“लग्नाआधी नवऱ्याशी काही नातं होतं?” मालतीनं पुढचा प्रश्न विचारला.

“मामा.”

“सख्खा?”

“आईचा पाठचा भाऊ.”

मालतीचं बोट हातातल्या टॅबच्या काचेवर टेकलं आणि उचललं. संगीता तिचा चेहरा वाचत होती. लहानपणी मास्तरांचा वाचायची तसा.

“सगळ्यांच्या घरात विचारता हे?”

“सगळ्यांच्या.”

“असतंय?”

“पुष्कळ घरांत असतं, अक्का. पुष्कळांची मुलं धडधाकट आहेत.”

“आणि काहींची?”

मालतीनं टॅब मांडीवर पालथा ठेवला. विचारायचं, लिहायचं, उठायचं, असं तिला शिकवलं होतं. घरोघर शहाणपण सांगत सुटलं तर पुढच्या घरातली बाई खरं उत्तर देत नाही. ते तिला पटलेलंही होतं. “मला फक्त विचारायला पाठवलंय,” ती म्हणाली.

“मग विचारायचंच सांगा. नात्याचं पण विचारता, गेलेल्यांचं पण विचारता. दोन्ही एकाच बाईला कशाला विचारता?”

हुग्गी खाली लागल्याचा वास आला. दोघींनाही आला. कुणी हलली नाही.

“उगाच नाही विचारत,” मालती म्हणाली.

संगीतानं लाकडं मागं ओढली. मग सरळ सांगितलं, “आज माझ्या पोरीची सुपारी हाय. माझ्या सख्ख्या भावाशी. दुपारच्या गाडीनं येतोय त्यो.”

मालतीनं टॅब मिटून पिशवीत ठेवला. “हे बघा, आता मी लिहीत नाहीये. लग्नाआधी दोघांना धारवाडला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तुमच्या गेलेल्या बाळांचं पण सांगा. डॉक्टर काय ते सांगतील.”

“सुपारी फुटली की आमच्यात लग्न झालंच. आम्हाला लग्नाआधी म्हणजे दुपारच्या जेवणाआधी.”

मालतीनं पिशवी खांद्याला लावली. ती उठली, जाताना उगाचच संगीताच्या खांद्याला हात लावून गेली. जीप पुढच्या आळीला वळली.

संगीता सुटली ती थेट शेताच्या बांधावर. गोपाळ पंगतीसाठी केळीची पानं कापत होता. ती मागं येऊन उभी राहिली. त्याला कळलं नाही. इथं आपटायला तांब्या नव्हता.

“मामा,” ती म्हणाली.

गोपाळचा कोयता हवेतच राहिला. लग्नानंतर तिच्या तोंडून ही हाक त्यानं पहिल्यांदाच ऐकली. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती होती.

“आकाशला न्हाई म्हणा,” संगीता म्हणाली. “नारळ ठेवा त्याच्यापुढं. तुम्ही बाप हाय पोरीचे, तुम्हीच ठेवू शकता. आपली तिघं—”

“आज नको,” गोपाळ म्हणाला.

“आजच.”

“अगं, सगळे येऊन बसले असतील. आई काय म्हणेल?” त्यानं कापलेली पानं उचलून खांद्यावर घेतली आणि तिच्या अंगावरून घराकडं चालू लागला. चार पावलांवर थांबला. वळला मात्र नाही. मग गेला.

सोप्यात जाजम पसरलेलं. भावकीतले मोठे बाळकृष्णअण्णा भिंतीला टेकून बसलेले, सुपारी फोडायचा मान त्यांचा. आकाश आला होता. नवा इस्त्रीचा शर्ट, मान खाली. त्यानं सोनालीला लहानपणी खांद्यावर बसवून अख्खा गाव दाखवला होता, आता तिच्याकडं बघायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. सोनाली माजघराच्या दारात साडीचा पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत उभी.

“काय रे आकाश,” बाळकृष्णअण्णा म्हणाले, “हुबळीत दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना लुगडी दाखवतोस, आता स्वतःच्या बायकोला एक फुकट आण.”

माणसं हसली. आकाशही हसल्यासारखं करून जाजमाकडं बघत राहिला.

“बोला मग, गोपाळ,” अण्णांनी अडकित्ता हातात घेतला. “मुलगी दिली म्हणा, की आम्ही सुपारी फोडतो.”

गोपाळनं ओठ उघडले. त्याच वेळी माजघरातून संगीता बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत आमच्या बायका येत नाहीत. ती आली आणि आकाशपुढं खाली बसली. तिच्या हातात नारळ होता. तिनं तो जाजमावर ठेवला.

पहिल्यांदा कुणालाच उमगलं नाही. मग बाळकृष्णअण्णांचा अडकित्ता खाली आला.

“अक्का, हे काय करालीस?” आकाश हळू म्हणाला.

“सोड तिला, आकाश.”

“उचल तो,” मागून भागीरथी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यानं जास्तच दचकायला झालं. “बाईनं ठेवलेला नारळ नारळ न्हवं. ते बापाचं काम. उचल, आणि आत जा.”

“आजी, माझी तीन गेली.”

“कुठली तीन? सगळ्यांच्या घरात जातात. दोन धड हायत न्हवं तुझी? पलीकडच्या आळीत बघ, मामालाच दिलीया, चार पोरं बैलासारखी फिरालीत.”

“तिची फिरोत. माझ्या पोटात काय झालं ते मला माहीत हाय. सोनालीच्या पोटात तेच बघायला मी ह्या घरात राहायचं काय?”

“कुणी शिकवलं तुला? त्या जीपवालीनं?”

“तिनं नुसतं विचारलं. ह्या घरात मला कुणी विचारलंच न्हवतं.”

गोपाळ उठला. बैठक आपोआप मागं सरकली. तो रागाचा नव्हता, पण आईपुढं त्याच्या बायकोनं असं तोंड उघडलेलं कुणी बघितलं नव्हतं, आणि तो काय करील याचा कुणालाच अंदाज नव्हता. तो काही न बोलता आत गेला. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. सोनाली दारातून बाजूला झाली. गोपाळ बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात धोतरजोडी होती, घडी न मोडलेली. त्यानं ती नारळाशेजारी ठेवली आणि बायकोच्या बाजूला, जाजमावर बसला.

“आता बापानं ठेवलाय,” तो म्हणाला.

“गोपाळ,” भागीरथी म्हणाली.

“आई, तिघांना मीच नेलं होतं. बांधापलीकडं, ऐनाच्या झाडाखाली. तू म्हणालीस, कुणाला सांगू नको, एकटाच जा. गेलो.” तो आईकडं बघत नव्हता, आकाशकडं बघत होता. “तुला ठाऊक न्हाई, आकाश, त्याचं वजन कसं असतंय. काहीच नसतंय. हातात काही हाय असं वाटतच न्हाई, म्हणून पुन्हा पुन्हा बघावं लागतंय. तुला ते बघायला लागू नये. घे. हात लाव.”

भागीरथी उभी होती ती खांबाला धरून खाली बसली.

“तुम्ही समदे मला राक्षसीण समजा,” ती म्हणाली. “हिची आई मी बाहेर दिली होती. खानापूरच्या पलीकडं, रानात. नारळ ठेवून, मामाकडनं सोडवून दिली, कारण मुलाला जमीन होती. ह्याच्या वेळंला,” तिनं आकाशकडं हात केला, “अडली. ट्रॅक्टरात घालून दवाखान्याला नेत होते, वाटंतच ह्यो झाला आणि ती गेली. मला तिसऱ्या दिवशी कळवलं. परक्यांनी माझी पोरगी वाटंत मारली. तेव्हा मी ठरवलं, ह्या घरातली पोर पुन्हा माझ्या नजरेआड जाणार न्हाई. हिला मी जवळ ठेवली. डोळ्यांपुढं. हिचं प्रत्येक बाळंतपण मी केलं. चुकलं माझं?”

सोप्यात चुलीचा धूर येत होता, तेवढाच काय तो हलत होता. संगीता सरकत आजीपाशी गेली.

“मला तू जगवलंस, आजी. न्हाई कोण म्हणतंय? पण जवळ ठेवून पोरं जगली न्हाईत. लांब देऊन आई जगली न्हाई. मग आपण दोघींनी दुसरं काहीतरी बघायला नको काय?”

भागीरथीनं खांबावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

आकाशनं मान वर केली. आजीकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, आणि पुढं वाकून नारळावर हात ठेवला. मग दुसराही ठेवला.

“सोडली,” तो म्हणाला.

मग माजघराच्या दारातून सोनालीचा आवाज आला, “मामा, पाणी देऊ?” आकाशनं मान हलवली आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

बाळकृष्णअण्णांनी अडकित्ता खिशात टाकला. “सुपारी न्हाई तर न्हाई,” ते म्हणाले, “हुग्गी तर वाढा. करपल्याचा वास आला म्हणून मी काय उठून जाणार न्हाई.” माणसं पानावर बसली. भागीरथी बसली नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस ती संगीताशी बोलली नाही. भात घेताना मान दुसरीकडं फिरवायची. गावातही दोन तट पडले. काही म्हणाले, बाईनं बैठकीत येऊन घराची अब्रू घालवली. काही बायका मात्र पाण्याच्या निमित्तानं संगीताच्या परसात येऊन बसू लागल्या. बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, आणि उठता उठता हळूच म्हणायच्या, माझं पण एक बारशाआधीचं हाय. संगीता ऐकून घ्यायची. सल्ला द्यायची नाही. दवाखान्यात जाऊन विचारा, एवढंच सांगायची.

मार्गशीर्षात सोनालीला पहिलं बाहेरचं स्थळ आलं. मध्यस्थ रायापूरकडचा, तोंडाचा गोड. मुलाची जमीन, बोअरचं पाणी, दोन मजली घर, सगळं सांगत सुटला. गोपाळ मान डोलवत होता. संगीता आत दाराआड उभी होती. खांबाला टेकून बसलेली भागीरथी इतका वेळ गप्प होती, सुपारीच्या दिवसापासून पाहुण्यांपुढं तिनं तोंड उघडलं नव्हतं.

“त्या घरापासनं दवाखाना किती लांब?” तिनं एकदम विचारलं.

मध्यस्थ हसला. “आजी, मुलाचं काहीतरी विचारा की.”

“मुलाचं मागनं. आधी दवाखाना. आणि रात्री-अपरात्री तिथं जायला गाडी कुणाची?”

मध्यस्थाला सांगता येईना. विचारून येतो म्हणाला.

“ये विचारून,” भागीरथी म्हणाली. “तोवर पोरीला शिकू दे.” मग मान न वळवता, दाराकडं न बघता तिनं आवाज दिला, “संगीता, पाव्हण्याला चहा टाक. मला पण दे थोडा.”